कर्वेनगरात नाकारलेलं घर

उत्तर रशियातल्या आपल्या खेड्यात वेरा बर्फावरून स्की करतच शाळेत जायची. पुढे तीस किलोमीटरच्या शर्यतीत ती देशाची विजेती झाली. मग तो देशच फुटला, संघ मोडला, तिचा गुडघाही गेला. तिथे इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या अभय कांबळेशी लग्न करून ती पुण्यात, येरवड्याला सासरी आली. मराठी शिकली ती सासूबाईंकडून, म्हणजे चंद्रभागाबाईंकडून.

अभयला खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली. मुलीला, मैत्रीला, कर्वेनगरच्या शाळेत प्रवेश मिळाला, म्हणून दोघं तिथे भाड्याचा फ्लॅट बघायला गेले. घरमालक रंगराव वेराच्या पदकांचं ऐकून हरखले.

"रशियाची चॅम्पियन आमच्या घरात, म्हणजे मानच की. चहा घेणार ना?"

चहा झाला. करारासाठी त्यांनी पूर्ण नाव विचारलं.

"अभय कांबळे."

रंगरावांनी पेन खिशात ठेवलं. "असं करू, मुलाला विचारतो. तोच इथे राहायला येईल बहुतेक."

"चहा पिता पिता ठरलं का त्याचं?" वेराने विचारलं.

"अहो, तुमच्याबद्दल काहीच नाही. सोसायटीतले लोक..."

"म्हणजे ह्यांच्याबद्दल आहे. तसं सरळ बोला."

अभयने तिचा दंड धरला. "चल, वेरा."

जिन्यात तिने दंड सोडवून घेतला. "तू गप्प का बसलास?"

"हे चौथं घर. आधीची तीन मी एकट्याने बघितली. म्हटलं, तू बरोबर असलीस तर निदान..."

आता तिला रंगरावांपेक्षा नवऱ्याचाच संताप आला. "माझी पदकं पुढे करून घर मागत होतास?"

"कॉलेजपासून भांडतोय मी. दमलो," अभय म्हणाला.

आठवडाभर ती त्याच्याशी धड बोलली नाही. शेवटी चंद्रभागाबाईंनीच तिच्याकडून सगळं काढून घेतलं. "त्याच्यावर कशाला चिडतेस? ज्यांनी केलं त्यांना जाऊन विचार."

वेरा त्या सोसायटीच्या बैठकीत एकटी गेली आणि सगळ्यांसमोर तिने रंगरावांना विचारलं. "गैरसमज झालाय बाईंचा," ते म्हणाले. सेक्रेटरी श्यामलाबाईंनी पुढचा विषय घेतला. बाकी कुणी मान वर केली नाही.

पुढे त्यांनी खराडीतच स्वतःचा फ्लॅट घेतला. तिथल्या मैदानावर वेरा मुलींना पळायला शिकवू लागली.

"किती वर्षं झाली, आई. सोड ना आता," कर्वेनगरच्या त्या घराचा विषय निघाला तेव्हा मैत्री एकदा म्हणाली.

"त्यांनी अजून माफी मागितलेली नाही," वेरा म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.