भिंतीवरची टकटक

आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात काल ‘नेबर’ हा शब्द घेतला. अर्थ सांगितला, शेजारी, आणि प्रत्येकीला एकेक वाक्य करायला लावलं. पार्वतीमावशींची पाळी आली. बोटं मुडपून त्यांनी बाकावर टकटक केली.

“वस्तीत पत्र्यावर असं वाजवलं, की पलीकडून शांता ओरडायची, ‘काय गं, आता काय संपलं?’ नव्या बिल्डिंगीतही रोज भिंतीवर वाजवते, सर. कोणी ओ देत नाही. मी कोणाचं वाक्य करू?”

बायका हसल्या आणि हसता हसता थांबल्या.

ती बिल्डिंग आम्ही लढून मिळवली. मोर्चाची पत्रकं मीच लिहिली होती. पक्क्या भिंती, नळ, जिन्यात दिवा, सगळं मागितलं. ते हक्काचंच होतं, आजही मागेन. पण चिठ्ठ्या टाकून घरं वाटली तेव्हा कोणाच्या शेजारी कोण, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. शेजार आमच्या एकाही पत्रकात नव्हता. न मागता मिळालेलं कधी जाईल, असं वाटतच नाही.

वर्ग सुटला. मावशी बाकावरच बसून होत्या. दाराशी चपला घालणाऱ्या सखूने भिंतीवर टकटक केली.

“काय गं मावशे, काय संपलं?”

“काही नाही गं,” मावशी म्हणाल्या. “बस ना जरा.”