मंडपावरचं हेलिकॉप्टर

जत्रेच्या बंदोबस्ताला यंदा पोलिसांचं हेलिकॉप्टर येणार, ही बातमी पार लांबच्या बेंबळी गावापर्यंत पोचली. कधी देवाला न येणारे पाहुणेसुद्धा फोन करून विचारू लागले, "नेमकं किती वाजता येतंय?" सगळं गाव हरखून गेलं होतं. मी मात्र धास्तावले. लग्न होऊन आल्यापासून मी सासऱ्यांबरोबर मंडपाचं काम करते. महाप्रसादाचा मंडप आमचा होता आणि त्याखाली शेकडो माणसं पंगतीला बसणार होती.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांना विचारलं, "मामा, ते अगदी खालून गेलं तर कापड टिकंल का हो?"

त्यांनी मेख ठोकायची थांबवली. "बाजूचा वारा आपुन लई पाहिला. वरनं येनारा वारा म्या बी पाहिला न्हाय. सायबास्नी इचारून ये."

बंदोबस्ताचे फौजदार शाळेत उतरले होते. मला वाटलं, हे हसणार. पण त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, उद्या सकाळी हेलिकॉप्टर पाहणीला येणारच आहे. माळावर तुमचं एक कापड बांधा. बघू काय होतंय."

सकाळी गावाबाहेरच्या माळावर आम्ही सहा बांबू रोवून कापड ताणलं. गावकरी लांब, दोराच्या मागं. फौजदार, वायरलेसवाला शिपाई आणि आम्ही दोघं जीपपाशी.

हेलिकॉप्टर पहिल्यांदा उंचावरून गेलं. कापड नुसतं थरथरलं. मग ते वळलं आणि लिंबाच्या शेंड्याइतकं खाली आलं. कापड आधी दबलं, मग टम्म फुगलं, बांबू मेखांसकट उपटून माळावर आडवे झाले आणि अख्खं कापड भिरभिरत आमच्याकडं आलं. मी आणि मामा जीपच्या आडोशाला बसलो. फौजदारांना बसायला वेळच मिळाला नाही. ते त्यात पुरते गुंडाळले गेले.

आतून आवाज आला, "वर घ्या म्हणावं! वर!"

शिपायाला हसू आवरेना, त्यामुळं वायरलेसवर शब्द फुटेना. दोरामागं तर शिट्ट्याच सुरू झाल्या. कापडातून बाहेर आलेले फौजदारही केसांतली माती झटकत हसत सुटले. मग त्यांची नजर त्या आडव्या बांबूंवर गेली. माझ्याही डोळ्यांसमोर उकळत्या आमटीच्या कढया आल्या, पंगतीतली लेकरं आली. फौजदारांनी स्वतः वायरलेस घेतला आणि पायलटला सांगितलं, "उद्या उंचावरूनच. ते पण शेतांवरून. गर्दीवर आणि मंडपावर यायचं नाही."

जत्रेच्या दिवशी ते तसंच उडालं. आमच्या कापडाची सुरकुतीसुद्धा हलली नाही. एक म्हातारी माझ्यावर भडकली. "लईच वर गेलं की गं! तुझ्यामुळं म्हनं?"

"व्हय आजी, माझ्यामुळंच," मी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की तिचं बोलणंही गोड वाटलं.

फौजदारांनी तिचीही सोय केली. दुपारी, भोवती दोर बांधून मोकळ्या ठेवलेल्या माळावर हेलिकॉप्टर उतरलं. पंखा पूर्ण थांबल्यावरच रांगेनं माणसं सोडली. म्हातारी सगळ्यांत पुढं. तिनं त्याच्या नाकाला हळदीकुंकू लावलं आणि पायलटच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पायलट एका लांब पात्याला दोरी बांधत होता. मामांनी विचारलं, "हे कशापायी?"

"वारं सुटलं की पाती हलतात, काका. बांधून ठेवावी लागतात."

"म्हंजी तुमचं बी आमच्यासारखंच की!" मामा खूश होऊन पुढं सरसावले. "आना ती दोरी. गाठ अशी न्हाय मारायची."

पायलटनं दोरी हातात दिली आणि शेजारी उकिडवा बसून गाठ शिकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमली. मग मामांनी त्याला हाताला धरून मंडपात आणलं, आपल्या शेजारी पंगतीला बसवलं आणि वाढप्याला ओरडून सांगितलं, "खीर वाढ रं सायबाला, हात आखडू नगं!"