विस्तव न लागलेलं जेवण

त्या दिवशी नाशकात अशी थंडी होती की बागेतल्या लोखंडी बाकावर टेकलं तर ते धोतरातून चावायचं. गोदावरीकडून आलेलं धुकं आमच्या कॉलनीच्या बागेत मुक्कामाला बसलं होतं. आम्ही चार म्हातारे टपरीवरून आणलेले चहाचे कागदी कप दोन्ही हातांनी धरून होतो. प्यायला कमी, शेकायला जास्त. नेमका तोच दिवस बागूल सरांनी निवडला आणि जाहीर केलं, "आजपासून विस्तव लागलेलं काही खायचं नाही. चहा पण नाही."

तिथून जे सुरू झालं ते आता वर्ष होत आलं. ह्या बाकावरच्या गोष्टी म्हणजे शिवण उसवलेली कांद्याची गोणी आहे. एक काढायला जावं तर पाच पायाशी येऊन पडतात. म्हणून म्हटलं, जमतील तेवढ्या भरून ठेवाव्यात.

माणसं आधी सांगतो. बागूल सर विम्याच्या कचेरीत होते, शाळेत कधीच नव्हते. पण दुसऱ्याला समजावून सांगायची सवय अशी, की सगळे सर म्हणू लागले. शिरोडे शेठचं हार्डवेअरचं दुकान, आता मुलं बघतात. गोविंदराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, माझ्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात, आणि त्यांना साखर आहे. चौथा मी. मूळचा सायखेड्याचा, इथे मुलाकडे असतो. मला सगळे आप्पा म्हणतात.

*

सरांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघितला होता. त्यातलं सगळं ज्ञान त्यांनी आम्हाला बाकावर उभं राहून दिलं. मी शाळेत गेलो नाही, त्यामुळे एन्झाइम म्हणजे काय ते सरांनी सांगितलं तेवढंच मला कळतं. ते म्हणे जिवंत असतं आणि गॅसवर ठेवलं की मरतं.

मी विचारलं, "सर, मग आपण चावल्यावर ते जितंच राहतं का?"

"प्रश्न शेवटी," सर म्हणाले. शेवट अजून आलेला नाही.

मग म्हणाले, "जगात एक तरी जनावर अन्न शिजवतं का? म्हणून बघा, जनावरांना साखर नाही, बीपी नाही."

मी म्हटलं, "आमच्या गाईला आम्ही आंबोण शिजवून घालायचो. कोमट असलं की आवडीने खायची."

सरांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "आप्पा, तुमची गाय तुम्ही बिघडवली होती."

गाय जाऊन लय वर्षं झाली. तिच्या वतीने मी काय बोलणार?

*

माझ्या तोंडात कवळी आहे, तीही वरचीच. खाली निसर्गाने ठेवलेत तेवढे. पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक गाजर दिलं. बाकीचे कडाकडा चावत होते. मी गाजर हातात धरून बसलो, जसं काही ते कोणीतरी सांभाळायला दिलंय.

"खा की, आप्पा."

"दात नायत, सर."

"दात का गेले माहितीये? शिजवलेलं मऊ खाऊन गेले. आता कच्चं खाल्लंत की हिरड्या मजबूत होतील."

"आणि तोवर?"

"किसून खा."

घरी सुनेने किसून दिलं. मग ती म्हणाली, "मामंजी, एवढं किसलंच आहे तर दूध-साखर घालून हलवा करू?" मी नको म्हणालो नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, गाजर खाल्लं का. खाल्लं म्हणालो. खोटं कुठे होतं त्यात?

*

शिरोडे शेठचा खरा देव म्हणजे रविवारची मिसळ. आमच्या ह्या कच्चं खाणाऱ्या मंडळात आल्यावर तीन रविवार त्यांनी कसेबसे काढले. चौथ्या रविवारी मला म्हणाले, "आप्पा, चला, नियमात बसवून खाऊ."

गंगापूर रोडला झाडाखाली खुर्च्या टाकलेलं एक मिसळीचं ठिकाण आहे. पोऱ्या आला तसे शेठ म्हणाले, "मटकी कच्ची आण, मोड आलेली. रस्सा वेगळा आण, झणझणीत. पाव दे चार."

पोऱ्याने दोनदा विचारून खात्री केली आणि आत जाऊन सगळ्या हॉटेलला सांगितलं असावं, कारण आचारी स्वतः बघायला आला.

शेठनी मटकीचे चार दाणे तोंडात टाकले, ताटली बाजूला सारली आणि रस्स्याची वाटी तोंडाला लावली. मी नुसतं बघत होतो.

"काय बघताय?" शेठ म्हणाले. "सरांची बंदी खाण्यावर आहे. मी पितोय."

"आणि पाव?"

"वाटी पुसायला नको का काही?"

वाटी तीनदा भरली आणि तीनदा पुसली.

*

महाशिवरात्रीला मी सरांच्या घरी गेलो होतो, तर सर साबुदाण्याची खिचडी खात बसलेले. वाफ निघत होती. शेजारी उकडलेलं रताळं, त्यावर तुपाची धार.

"सर, हे शिजलेलं हाय," मी म्हटलं. मला वाटलं चुकून घेतलं असेल.

"आज उपवास आहे, आप्पा," सर म्हणाले. "उपवासाचं आहारात धरत नाहीत."

त्या दिवसापासून मंडळाला उपवासाची गोडी लागली. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, शेठनी तर शनिवारही धरला. बाकीचे दिवस उपाशी आणि उपवासाला पोटभर जेवण, असं ते चाललं होतं.

*

आता गोविंदरावांचं सांगायला पाहिजे. नियम काढणारे सर, पळवाट काढणारे शेठ, आणि इमानाने पाळणारे हे एकटे. त्यालाही कारण होतं. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय साखरेपायी कापावा लागला होता. ते बघून आल्यापासून गोविंदराव रोज अंघोळीनंतर आपली पावलं उलटीपालटी करून बघायचे. घाबरलेल्या माणसाला कोणी ठामपणे काही सांगितलं की तो लगेच धरून ठेवतो. सरांइतकं ठाम बोलणारा आमच्या कॉलनीत दुसरा नाही.

त्यांची बायको मालनबाई चांदवडकडची. बाजरीची भाकरी अशी थापते की थापल्याचा आवाज ऐकून मला भिंतीच्या अलीकडे भूक लागते. एका दुपारी ती आमच्या दारात आली. हातात झाकलेलं ताट.

"आप्पा, हे तुम्ही खा. ह्यांनी आज पण हात लावला नाय."

"खातात तरी काय?"

"काकडी, टोमॅटो, मोडाचे मूग. सकाळी तेच, रात्री तेच. ह्यांच्यासाठी करते, ते उरतं. सकाळचं उरलेलं मी रात्री खाते, रात्रीचं सकाळी. ताजं कधी खाल्लं ते आठवत नाय मला." मग जरा थांबून म्हणाली, "काकडी चिरायला बायको लागत नाय, आप्पा."

ताट मी घेतलं. भरीत होतं.

*

उन्हाळ्यात मालनबाईंनी कॉलनीतल्या बायकांना जमवून गच्चीवर उडदाचे पापड घातले. पापडाच्या लाट्या कच्च्या तेलात बुडवून खाण्यासारखं सुख नाही. शेठना त्याचा वास तळमजल्यावर लागला. ते वर आले आणि त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, लाटी. पीठ कच्चं, तेल कच्चं, तिखट कच्चं. चालेल?"

सर स्वतः गच्चीवर आले. परातीतला गोळा दोन बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "तत्त्वतः कच्चं आहे."

पापडखाराचं पाणी उकळून घेतलं होतं, हे मालनबाईंना माहीत होतं. त्या लाट्या करत राहिल्या. शेठनी निम्मी परात संपवली. पुढचे दोन दिवस ते बागेत दिसले नाहीत. फोनवर सरांनी त्यांना सांगितलं, "घाबरू नका, शरीर विष बाहेर टाकतंय."

हे उत्तर सरांना एवढं आवडलं की मग ते सगळ्यालाच लागू झालं. माझे गुडघे दुखले, विष बाहेर पडतंय. शेठना शिंका आल्या, विष बाहेर पडतंय. गोविंदराव म्हणाले, "सर, सकाळी हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते." सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे तुमचं सगळ्यात जोरात पडतंय."

*

आणि एके सकाळी फेरी मारता मारता गोविंदराव वाटेतच खाली बसले. हवा गार होती आणि त्यांचा शर्ट घामाने भिजलेला. मला म्हणाले, "आप्पा, बस आली का?" जीभ जड झाली होती. मी त्यांना माझ्या छातीशी टेकवून धरलं. मला एवढंच कळत होतं की हा माणूस उपाशी आहे.

"गोड द्या काहीतरी," मी म्हटलं.

शेठनी खिशात हात घातला आणि कागदात बांधलेला पेढा काढला.

"पेढा?" सर म्हणाले. "अहो, आटवलेलं दूध आहे ते. थांबा, मी घरून खजूर आणतो."

"आणा तुम्ही," शेठ म्हणाले. "तोवर गोविंदा हा खाईल." त्यांनी पेढा बोटाने मोडून थोडा थोडा गोविंदरावांच्या तोंडात घातला. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "प्रसादाचा आहे." रोजच्या रोज कुठल्या देवाचा, ते त्या सकाळी कोणी विचारलं नाही.

सर खजूर घेऊन आले तेव्हा गोविंदराव उठून बसले होते. सर म्हणाले, "बघा, मी येतोय कळल्यावरच बरं वाटलं."

त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाई वयाने आमच्या नातीएवढी. ती रागावली नाही. म्हणाली, "काका, साखर उतरवायची गोळी घेता आणि पोटात नुसती काकडी. मग गोळी आहे तेवढीही साखर उतरवून टाकते, म्हणून चक्कर आली. कच्चं खा, चांगलं आहे. जेवणाआधी एक वाटी खा. पण मग दोन्ही वेळ भाकरी-भाजी पाहिजे, आणि नीट वेळेवर."

बाकावर सरांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती स्वतः शिजवलेलं खाते. ती दुसरं काय सांगणार?"

*

गोविंदराव मला म्हणाले, "आप्पा, मालनला तुम्हीच सांगा. मला लाज वाटते. म्हणावं, आता सगळं पूर्वीसारखं."

मी सांगितलं. मालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच तवा ठेवला. त्या दुपारी भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला तेव्हा मी माझं ताट तसंच ठेवून ऐकत बसलो. गोविंदराव आधी वाटीभर काकडी खाऊन मग दोन भाकऱ्या जेवले, असं त्यांनी मला गॅलरीतून ओरडून सांगितलं.

संध्याकाळी दिवेलागणीला मी बागेत गेलो, तर बायकांच्या बाकावर मालनबाई. चौघीजणी मिळून कशालातरी खदाखदा हसत होत्या. एवढी वर्षं शेजारी राहून मी ह्या वेळेला तिला घराबाहेर पाहिलं नव्हतं. मी जवळ गेलो.

"मालनबाई, गोविंदराव भाकरीची वाट बघत असतील."

"भाकरी डब्यात हाय, भाजी झाकून ठेवलीय, वेळ झाली की मी वाढीन," ती म्हणाली. "काकडी आता चिरत असतील ते. त्यांना तासभर लागतो." बाजूच्या बाईने तिला बाकावर जागा करून दिली तशी ती अजून मागे टेकून बसली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, कच्चं अगदीच सोडायला लावू नका हं त्यांना."