तळं म्हटलं तिथेच चुकलं

तळ्याच्या बांधाचा माथा आणि पाणी यांत चार बोटांचं अंतर उरलं होतं. फोनवर डीएफओ, म्हणजे आमचे विभागीय वन अधिकारी साहेब होते.

"मॅडम, जेसीबी बोलवा. बांध फोडा."

"सर, फोडला तर सगळा गाळ खालच्या विहिरीत जाईल."

"आणि आपोआप फुटला तर?"

"अर्धा तास द्या, सर," म्हणून मी फोन ठेवला.

नागपूरपासून दीडेक तासावरच्या सागवनात मी तेव्हा रेंजर होते. नुकतीच विरळणी झालेली, म्हणजे दाटीतले साग काढलेले. ट्रक फिरून जमीन उकरली गेली की पावसाचं पाणी चरांमधून माती घेऊन पळतं. म्हणून चराच्या टोकाला छोटं तळं खणायचं. पाणी तिथे थबकतं, माती खाली बसते आणि वरचं निवळ पाणी सांडव्यावरून नाल्यात जातं. नाल्याकाठी गावाची पिण्याची एकुलती एक विहीर होती. तळ्याचा हट्ट माझा होता, त्यामुळे जबाबदारीही माझीच.

सांडव्यावरून पाणी जातच नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं, तर मातीने भरलेली पोती, तीन थर, नीट रचलेली.

"सोमाजी, हे कोणी केलं?" सोमाजी आमचे जुने वनमजूर.

"म्याच केलं मॅडम. पाणी वाया जाऊन राहिलं होतं."

"काहून पण?"

"तुमीच तं म्हणे, तळं हाय. तळ्यातलं पाणी कोणी जाऊ देते का? उन्हाळ्यात चितळाले कामी पडते."

मी भयंकर चिडले होते. पण नकाशावर, फलकावर, बैठकीत 'तळं' मीच म्हटलं होतं.

पोती एकदम ओढली असती तर लोंढ्याने गाळ ढवळला असता. वरच्या थरातलं एकेक काढायचं ठरलं. सोमाजींनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक मी सागाला गुंडाळून धरलं. पहिलं पोतं निघालं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

"मॅडम, अजून चढूनच राहिलं."

दोन बोटं उरली. दुसरं पोतं, तिसरं, मग चौथं. पातळी कळावी म्हणून मी काठाशी रोवलेल्या काडीवर पाणी बराच वेळ तिथेच अडून राहिलं. मग बोटभर उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजींनी विहिरीतून बादली काढली. बादलीचा तळ दिसत होता. ते आधी ओंजळभर प्यायले, मग मला दिलं.

त्यानंतर मी एकही तळं खणलं नाही. खणते तेच, पण फलकावर 'गाळाचा खड्डा' असं लिहिते. खड्ड्यातलं पाणी कोणी जपत नाही.