तिसऱ्यांदा लावलेला प्रसाद

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. आता कोकणी राजभाषा झाली, गोव्याला राज्यही मिळालं, पण मला लिहायला येतं ते मराठीच.

आम्ही सुर्ल्याचे. माझे यजमान खाणीवर ट्रक चालवायचे आणि दारू, आमच्याकडचा सोरो, खूप प्यायचे. शेजारी राहणारे थोरले दीरही प्यायचे. तेव्हा मी आणि माझी जाऊ एकमेकींचे डोळे पुसत होतो. मग वयनीने, म्हणजे जावेने, दिरांना पेडण्याच्या एका वैद्यांकडे नेलं. त्यांची रीत अशी, की दारू एकदम तोडायची नाही. बायकोने स्वतः मोजून द्यायची, हळूहळू पाव-पाव भाग कमी करत, आणि बरोबर खजूर, मनुका, कोकमाची सोलं, डाळिंब भिजवून घुसळलेलं पाणी. चार महिन्यांत दिरांची सुटली. वयनी अंगणात गाणं म्हणत भांडी घासू लागली. ते गाणं मला ऐकवेना. मी तिच्याकडे जाणं बंद केलं.

"तूय व्हर गो तेका वैद्याकडे," यजमानांनाही तिकडे न्यायला तिने कुंपणावरून सांगितलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मनात आलं, हिला चार महिने लागले, माझे एका दिवसात सोडतील. मग बघू कोण गातं.

यजमानांना दारू एकदम सोडायची शपथ घालायला गावदेवी सातेरीच्या देवळात नेलं. भटजींनी देवीला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागायला मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. पाकळी डावीकडची पडली, म्हणजे नको.

"बाय, देवी नाय म्हणता."

"परत लावा."

पुन्हा डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली, तीच मी खरी धरली आणि यजमानांना शपथ घालायला लावली.

यजमानांनी शपथ पाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे हातपाय थरथरू लागले. भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकत होते, मला ओळखेनात. मदतीला हाक मारायची तर वयनीलाच, आणि माझं तोंड उघडेना. देवापुढे बसून एवढंच म्हटलं, आई, माझं काही चालत नाही, आता तू म्हणशील तसं. मान वर केली तर दारात वयनी. त्या दिवशी ती का आली हे तिला अजून सांगता येत नाही. "पाय घेवन इले," एवढंच म्हणते.

तिनेच रस्त्यावर खनिजाचा ट्रक अडवला, यजमानांना डिचोलीच्या इस्पितळात पोचवलं. काजू विकून साठवलेले नऊशे रुपये माझ्या हातात दिले. तिथून सुटल्यावर आम्ही वैद्यांकडे गेलो. ते म्हणाले, "शपथ मन घेतं. शरीराला पायऱ्या-पायऱ्यांनीच उतरावं लागतं." मग औषध आणि पथ्य सहा महिने चाललं. यजमान पुन्हा प्याले नाहीत.

देवीने मला दोनदा सांगितलं होतं. मला तिचं ऐकायचं नव्हतं, माझंच म्हणणं तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. त्याला शरण जाणं म्हणत नाहीत, एवढं मला उशिरा कळलं. मत्सर मात्र लगेच गेला नाही. दर महिन्याला वयनीचे पैसे फेडतानाही वाटायचं, लवकर फिटू दे, हिच्यापुढे मान तरी वर होईल.

शेवटचे पन्नास द्यायला गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माज्या घोवान सोरो सोडल्यान, तेव्हा तू माज्याकडे येवचा बंद केलंस. माका कळला होता."

मला रडू फुटलं. तिने सूप बाजूला सारून मला जवळ बसवलं. नोट पदराच्या गाठीला बांधली आणि म्हणाली, "फिटले सगळे. आता तरी रोज ये."