लांबचं आधी, जवळचं मागून

उंदराच्या मेंदूची पातळ चकती द्रावात जिवंत ठेवायची, त्यातली एक पेशी निवडायची आणि काचेच्या बारीक नळीनं तिच्यातली वीज मोजायची, हे माझं पीएचडीचं काम. पेशीला फांद्या असतात, त्यांना डेंड्राइट म्हणतात. इतर पेशींचे संदेश या फांद्यांवर येतात. पुरेसे एकत्र जमले, तरच पेशी स्वतःचा संदेश पुढे पाठवते.

एका फांदीवरच्या आठ ठिकाणी मी एकामागून एक प्रकाशाचे ठिपके टाकून संदेश द्यायचे. ठिकाणं तीच, ठिपके तेवढेच, तरी उत्तर कधी मोठं यायचं, कधी लहान. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "यंत्र तपासून घे." दोन महिने मी तेच केलं.

एका रविवारी पिरंगुटाहून बस धरून ताम्हिणीच्या वाटेवरच्या मामाकडे गेले. मामा शेरडं राखतो. लॅपटॉपवर पेशीचं चित्र पाहून त्यानं विचारलं, "हे झाड कसलं गं?"

मी सांगितलं. त्यानं शेंड्याकडच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हितनं मुळापातूर यायला येळ लागत असंल की."

"लागतो. थोडा."

"मग आदी हितलं देतीस का जवळचं?"

"क्रम कॉम्प्युटर ठरवतो. दर वेळी वेगळा."

"मी लांबच्या शेरडांस्नी आदी हाक मारतो, जवळच्यांस्नी मागनं. मंग समदी एकदम येत्यात. उलटं केलं तर जवळची येऊन पांगत्यात."

मी चहा तसाच ठेवला आणि जुन्या नोंदी उघडल्या. प्रत्येक वेळचा क्रम त्यात होताच, मी कधी पाहिला नव्हता.

सोमवारी मुद्दाम शेंड्याकडून बुंध्याकडे ठिपके टाकले. उत्तर मोठं आलं. उलट टाकले, लहान आलं. पंधरा दिवस वेगवेगळ्या पेशींवर करून पाहिलं, तेच. लहान मुलीसारखा आनंद झाला. मग ग्रंथालयात बसले तेव्हा कळलं, हे दुसऱ्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच छापलंय. त्या दिवशी मी जेवले नाही. सर एवढंच म्हणाले, "म्हणजे यंत्र ठीक आहे. आता क्रम पक्का ठेव आणि पुढचा प्रश्न घे."

मामाला फोनवर सांगितलं, की हे आधीच सापडलेलं होतं.

"त्यांनाबी तसंच दिसलं?"

"हो."

"मंग तुजं बरोबर हाय," तो म्हणाला. "रडतीस कशापायी?"

मी रडत नव्हते, पण आवाज तसा आला असेल.