साधं मॉडेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. दुकानासाठी पिकअप घेतली तेव्हा शोरूममध्ये दोन्ही मॉडेल उभी होती. आमचा ड्रायव्हर सदाशिव आधीच म्हणाला होता, "शेठ, बाकी काही नको, पॉवर स्टिअरिंगवाली तेवढी घ्या." मी साधी घेतली. चालवणार तो होता, मी नव्हे. वाचलेल्या पैशांतून पुढे चकचकीत गार्ड बसवलं आणि काचेवर रेडियममध्ये माझं आडनाव लिहून घेतलं. त्याला सांगितलं, "वरचं मॉडेल सध्या मिळतच नाही रे." तो हसला. "असू द्या शेठ, तेवढाच व्यायाम."

आज, इतक्या वर्षांनी, गोदामाच्या बोळात तो सिमेंटने भरलेली तीच गाडी वळवत होता. सीटवरून अर्धा उठून, दात आवळून, सगळं अंग स्टिअरिंगवर टाकून. उतरल्यावर चहाचा कप त्याने डाव्या हाताने घेतला. उजवा हात आताशा वर जात नाही म्हणाला. काचेवरचं माझं नाव उन्हात चमकत होतं आणि मला स्वतःची किळस आली. वाईट वागायला काही मोठं धाडस लागत नाही. शोरूमच्या गारव्यात बसायचं आणि ज्या सीटवर आपण कधी बसणार नाही, तिथल्या माणसाला किती पुरे ते ठरवायचं.

"वय झालं, शेठ," सदाशिव म्हणाला.

"हो रे, वयच," मी म्हणालो. पुन्हा खोटं.

वय नाही, हे मी केलं, एवढं एक वाक्य मी त्याला अजून देणं लागतो.